दोन दारांच्या गोदामातले नगराळेबाबू

सन एकोणीसशे चौऱ्याऐंशी. मी तेव्हा चव्वेचाळीस वर्षांचा होतो आणि मुलचेऱ्याच्या रस्त्यावर माझ्यासारखा दुसरा मिस्त्री नाही असं मला वाटत होतं. आजही वाटतं. दिवाळी होऊन नाल्याचं पाणी उतरलं, पुलाच्या कामाला हात लागला, तेव्हाची गोष्ट. एक दिवस गिट्टीच्या ट्रकमधून एक वाळकासा माणूस उतरला. हातात पत्र्याची पेटी, सदऱ्याच्या गुंडीला सुतानं बांधलेली पेन्सिल. रस्ताभर धूळ खाऊन आलेला माणूस आधी पाणी मागतो. यानं पेटी खाली ठेवली आणि विचारलं, "इथी सिमेंट कोण मोजते?"

चौकीदार म्हणाला, "मी." मुकादम म्हणाला, "मी." मी म्हणालो, "मी असल्यावर दुसरा कोण मोजन?"

तो माणूस हसला. "तिघं मोजते म्हंजे कोणीच मोजत नाई," म्हणाला, आणि मग त्यानं पाणी मागितलं.

हे नगराळेबाबू. सावली गावचे. कंपनीनं कारकून म्हणून पाठवलेले. आता ते नाहीत. मागं सावलीकडचा एक जण आमच्या आरमोरीच्या बाजारात भेटला, त्याच्याकडून कळलं. मी दुसरीपर्यंत शिकलेला माणूस, लिहिणं हे माझं काम नाही, अन् आता डोळेही थकले. पण ज्यानं आयुष्यभर सगळ्यांचं लिहून ठेवलं त्याच्याबद्दल कोणी एक ओळ लिहिली नाही, हे मला पटत नाही. म्हणून बसलो.

त्या वेळी गडचिरोली जिल्हा नुकताच वेगळा झाला होता. रस्त्यांची, पुलांची कामं निघाली होती. आमची कंपनी नागपूरच्या एका शेठची. शेठ पंधरवड्यानं एकदा जीपमधून यायचा, खुर्चीत बसायचा आणि विचारायचा, डिझेल किती उरलं? ड्रायव्हर एक सांगायचा, इंजिनवाला दुसरं, मुकादम तिसरं. कोणी खोटं बोलत नव्हतं. ज्याच्या त्याच्या डोक्यात जे होतं ते तो सांगत होता. शेठ शिव्या द्यायचा, आम्ही ऐकायचो, जीप परत जायची. काम असंच चालतं असं आम्ही धरून होतो.

बाबूंनी आल्या आठवड्यात एकच केलं. प्रत्येक गोष्टीला एक धनी ठरवला. डिझेलचं इंजिनवाल्यानं सांगायचं, बाकीच्यांनी तोंड उघडायचं नाही. सिमेंटचं चौकीदारानं. हजेरी मुकादमाची. खड्ड्याचं माप माझं. "दोघानं सांगितलं का दोन गोष्टी होते," ते म्हणायचे, "मंग तिसरा माणूस त्यातली आपल्या सोयीची उचलते." आणि जे सांगायचं ते त्याच दिवशी. मी एकदा म्हणालो, "बाबू, उद्या सकाळी सांगतो, थकलो." तर पेन्सिल हातात धरून तसेच उभे. "डोमाजीभाऊ, आजचं उद्या सांगितलं तं ते माप नाई राहत, गोष्ट होते. गोष्टी सांगाले तुमची बुडी माय आहे ना घरी."

खोडरबर त्यांनी कधी जवळ ठेवलं नाही. चुकलं तर एक रेघ मारायची आणि बाजूला बरोबर आकडा लिहायचा. खालचा चुकलेला आकडा दिसला पाहिजे. मुकादमाला ते आवडायचं नाही, त्याला वाटे आपली चूक चव्हाट्यावर मांडली. बाबू म्हणायचे, "चूक झाकली का ते पुन्हा होते. दिसत राह्यली तं लाज वाटते. लाज वाटू द्या थोडी."

गोदामाचं सांगतो, म्हणजे माणूस कसा होता ते कळेल. आमचं गोदाम बांबूच्या तट्ट्यांचं, वर पत्रे, एकच दार. ट्रक आला की पोती आत टाकायची. नवीन पोती दाराशी, जुनी मागं. काम निघालं की बायका दाराजवळचं पोतं उचलायच्या, कारण मागचं उचलायला वाकून आत जावं लागे. मागच्या पोत्यांचा दगड होऊन जायचा. त्या काळी सिमेंट सहज मिळत नव्हतं, परमिटवर यायचं, अन् इकडं जंगलात पोचायला ट्रकला दोन नाले लागायचे. तरी दरसाल आम्ही पोत्यांचे दगड नाल्यात फेकायचो. मी सगळ्यांवर ओरडायचो, मागचं आधी काढा म्हणून. ओरडल्यावर दोन दिवस काढायच्या. तिसऱ्या दिवशी पुन्हा दाराजवळचं.

बाबू आठ-दहा दिवस नुसते पाहत होते. मग एका सकाळी त्यांनी मागच्या बाजूचा तट्टा कापायला लावला आणि तिथं दुसरं दार केलं. ट्रकचा माल समोरून आत जाईल, कामाचा माल मागून बाहेर निघेल. आपोआप जुनं पोतं हाताशी आलं. कोणाला काही सांगावं लागलं नाही.

आमच्यातली सोनाबाई तोंडाची मोठी तिखट. ती म्हणाली, "बाबू, इतके दिवस मिस्त्री बोंबलत होता, तुमी बोंबललेही नाई?"

"बाई, माणूस बदलत नाई," बाबू म्हणाले. "दार बदलवता येते."

सगळ्या बायका माझ्याकडं पाहून हसल्या. मला राग आला. राग यायचं कारणही होतं, कारण ओरडणं हे माझं काम होतं आणि ते यानं एका कोयत्यानं संपवलं.

आमची खरी लढाई पायाच्या खड्ड्यांवरून झाली. पुलाचे खांब ज्यावर उभे राहतात तो पाया खोदायचा, खडक लागला की साफ करायचा, लोखंड बांधायचं आणि काँक्रीटचा माल ओतायचा. माल ओतला की खाली काय आहे ते पुन्हा कोणाला दिसत नाही. बाबूंचा नियम असा, की जे झाकलं जाणार ते झाकायच्या आधी लिहायचं. खोली, खडकाचा रंग, कोणत्या कोपऱ्यात माती निघाली, सगळं. पहिल्या खड्ड्याला मिक्सर सुरू, बायका घमेली डोक्यावर घेऊन रांगेत, आणि हा माणूस पायजमा वर खोचून खाली खड्ड्यात, हातात टेप. "थांबा!"

"बाबू, माल आटून राह्यला ना!" मी ओरडलो.

"आटू द्या. इथलं एकदा झाकलं का देवालेही दिसणार नाई."

सोनाबाई डोक्यावरचं घमेलं सावरत म्हणाली, "लवकर दिसू द्या बाबू, माही मान मोडून राह्यली." बाबूंनी खालूनच तिला हात जोडले, पण माप पुरं केल्याशिवाय वर आले नाहीत.

एकदा मी त्यांना चहा पिताना विचारलं, "हे लिहा लिहा काऊन करता तुमी? तुमच्या मागं कोण लागलं?" त्यांच्या खोपट्यात पेटीवर बुद्धाचं एक छोटं चित्र होतं, त्याच्याजवळ बसून ते पेन्सिलीला टोक करत होते. म्हणाले, "माही माय दुसऱ्याच्या धानाच्या बांधीवर मातीचं काम करे. मुकादम हजेरी डोस्क्यात ठेवे. ज्याच्यावर मर्जी त्याचा दिवस त्याले आठवे. मायचा दिवस त्याले कधी आठवे, कधी नाई. डोस्क्यातलं असं असते, डोमाजीभाऊ. ज्याचं डोस्कं त्याची मर्जी." मग टोक बोटावर टेकवून पाहिलं आणि दुसरी पेन्सिल घेतली.

मला ते समजलं. पण माझीही एक गोष्ट होती. माझ्या डोक्यात जे होतं तेच माझं होतं. शाळेचा कागद नाही, शिफारस नाही. माल कालवताना पाणी किती, हे माझा हात सांगायचा. काठावर वाळलेली रेती असली तर पाणी जास्त, नाल्यातून आत्ता काढलेली ओली रेती असली तर कमी. मूठभर घेऊन दाबली की कळे. बाबू ते विचारायला लागले तेव्हा मी साफ नाही म्हणालो.

"ते माह्या हातात आहे."

"हात तुमचा चांगलाच आहे. पण त्याले ताप आला तं?"

"माह्या हाताले ताप येत नाई."

त्यांनी मान हलवली. मी त्यांना खरं कारण सांगितलं नाही, पण त्यांना कळलं होतं. लिहून घेतलं की मिस्त्रीची गरज संपली. मग शेठ कोणालाही उभा करेल.

आणि मला हिवताप आला. इकडं कोणाला येत नाही? थंडी वाजून दात वाजायला लागले, मला गिट्टीच्या रिकाम्या ट्रकमध्ये घोंगडीत गुंडाळून चंद्रपूरच्या दवाखान्यात नेलं. तिथं खाटेवर पडून मी एकच विचार करत होतो. आता दुसऱ्या खांबाचं काम बंद पडलं असेल. शेठ डोकं धरून बसला असेल. जीप येईल, म्हणतील, मिस्त्री चला, तुमच्याशिवाय चालत नाही. रस्त्यावर गाडीचा आवाज आला की मी उठून बसायचो. नर्सबाई म्हणायची, "बाबा, कोण येणार आहे तुमचं?"

कोणी आलं नाही. अंगात ताकद आली तेव्हा मीच बस धरून परत आलो. नाल्यावर पोचलो तर दुसरा खांब उभा. मी पहिलं ओळंबा काढला आणि लावून पाहिला. खांब सरळ होता. मालावर टिचकी मारली. पक्का होता. कुठंतरी वाकडं निघावं असं मला वाटत होतं, खोटं कशाला बोलू. मी चारही बाजूंनी फिरलो.

मग मिक्सरजवळ गेलो. तिथं पाणी घालायचा एक पत्र्याचा डबा. त्याला आतून दोन रेघा मारलेल्या, एक लाल, एक पांढरी. पोऱ्यापासून म्हाताऱ्यापर्यंत कोणीही वाळली रेती असली की लाल रेघेपर्यंत पाणी भरत होता, ओली असली की पांढऱ्या. माझ्या हाताचं माप. मी सांगितलं नव्हतं, पण मी पाणी ओतत असताना बाबू रोज बाजूला उभे असायचे. मला वाटे, सावली शोधत उभा आहे.

मी तो डबा उचलला आणि बाबूंच्या टेबलावर आदळला. "माह्या हाताची चोरी केली तुमी!"

बाबू खुर्चीतून उठले नाहीत. डबा त्यांनी फिरवला. बाहेरच्या बाजूला काळ्या रंगानं लिहिलं होतं. दुसरी शिकलो असलो तरी आपलं नाव मला वाचता येतं. 'डोमाजी मिस्त्रीचं माप.'

"चोराले नाव टाकताना पाह्यलं का कधी?" ते म्हणाले. "बसा. ताप उतरला नाई तुमचा. चेहरा पिवळा दिसून राह्यला."

मी बसलो. पण बोललो नाही त्यांच्याशी चार दिवस.

मला जी भीती होती ती खरी झाली. उन्हाळा लागला, तीन खांब झाले, चौथा आणि शेवटचा खड्डा खोदून होत आला होता. पाऊस यायच्या आत चारही खांब पुराच्या पाण्याच्या वर निघणं भाग होतं, नाही तर पलीकडची बंगाली निर्वासितांची गावं आणखी एक पावसाळा तुटून राहणार. तिथल्या लोकांना चौमासात आजारी माणूस खाटेवर टाकून डोंग्यातून नाला ओलांडून आणावा लागे. शेठ आला. कागद पाहिले. एवढा खुश मी त्याला कधी पाहिला नव्हता. विचारलं ते हाताशी, आकडा एक, तोही बरोबर. मला म्हणाला, "मिस्त्री, अब तो सब कागज पे है. चौथा खांब झाला की तू घरी जा. आराम कर. दिवाळीनंतर बघू." दिवाळीनंतर बघू म्हणजे काय ते मला माहीत होतं.

मी बाबूंकडं पाहिलं. ते खाली पाहत होते. तेव्हा शेठ त्यांच्याकडं वळला. "और बाबूजी, तुम्ही तर इतकं सोपं करून ठेवलं की आमचा साळाही चालवेल. तो घरी बसून आहे. त्याला समजावून द्या सगळं."

बाबू नुसतं "बरं" म्हणाले.

साळा आला. नागपूरचा, तिशीचा, अंगानं भरलेला. नव्या बुटात आला आणि पहिल्याच दिवशी बूट गाळात गेले. माणूस वाईट नव्हता. त्यालाही कोणी विचारलं नव्हतं, इकडं यायचं का म्हणून. बाबू त्याला सकाळपासून सगळं समजावत. कोणता कागद कुठं, कोणत्या गोष्टीचा धनी कोण, मागचं दार बंद का करायचं नाही. शेवटच्या दिवशीही तसंच. घसा बसला होता त्यांचा. मी पाणी नेऊन दिलं आणि साळा बाहेर गेल्यावर म्हणालो, "बाबू, तुमाले शरम नाई वाटत? तुमाले काढलं त्यानं, अन् तुमी त्याच्या साळ्याले शिकवून राह्यले. अर्धं सांगा, अर्धं ठेवा. उद्या सगळं बंद पडलं पाह्यजे. मंग येते का नाई पाहा जीप सावलीले."

बाबू पाणी प्याले. "बंद पडलं तं म्या हंगामभर केलं काय, डोमाजीभाऊ?"

"मंग तुमाले काय भेटलं?"

"थकवा भेटला," ते म्हणाले आणि हसले. मग पुन्हा साळ्याला हाक मारली.

संध्याकाळच्या बसला मी त्यांना सोडायला फाट्यावर गेलो. पेटी मी धरली. ती हलकी होती, कागद सगळे कंपनीचे, कंपनीकडं राहिले. रस्त्यात मोहाची झाडं, खाली उरलेली फुलं वेचत बायका टोपल्या घेऊन. फाट्यावर बसल्यावर मला राहवलं नाही.

"बाबू, एक सांगतो. चौथ्या खड्ड्यात खडक लागला म्हणते ना सगळे, तो खडक नाई. नाल्याचं पाणी येते त्या वरल्या बाजूनं खडक आहे, पाणी जाते त्या खालच्या बाजूनं नुसती दगडाची पापडी. पापडीखाली माती आहे. म्या लोखंडी सब्बल मारून ऐकलं. बद्द बोलते. कोणालेच सांगितलं नाई."

बाबू माझ्याकडं वळले.

"ओतू द्या त्यायले माल," मी म्हणालो. "एक-दोन पावसाळे जाऊ द्या. खांब खाली बसला का शेठले समजन मिस्त्री कायले लागते. तुमच्या कागदात हे नाई. हे माह्यं आहे."

त्यांचा हात गुंडीच्या पेन्सिलीकडं गेला. सवयीनं गेला असेल. मग त्यांनी तो मांडीवर ठेवला.

"मले सांगून आता काय उपयोग, डोमाजीभाऊ," ते म्हणाले. "मी कंपनीचा नाई आता. मी सावलीचा माणूस. मले कोण विचारते."

मला वाटलं होतं ते मला दोन गोष्टी सुनावतील. पलीकडच्या गावांचं नाव घेतील. मग मी भांडलो असतो, भांडायची माझी तयारी होती. पण ते काहीच म्हणाले नाहीत. फार थकलेले दिसत होते. बस आली. पेटी मी वर दिली. त्यांनी खिडकीतून हात बाहेर काढून माझा हात धरला, ज्या हातानं मी रेती दाबून पाहायचो तो, आणि म्हणाले, "जपा याले." बस गेली. त्यानंतर आमची भेट झाली नाही.

परत येताना मला त्यांचा राग आला. बोलून गेले असते तर बरं झालं असतं. न बोलता ते सगळं माझ्यावर टाकून गेले. कोणी असं समजू नये की बाबूंनी मला काही शिकवलं आणि मी शिकलो. मी कोणाचं ऐकणारा माणूस नाही. त्या रात्री झोप लागली नाही ती उकाड्यानं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मजूर यायच्या आधी मी साळ्याला झोपेतून उठवलं. तोंड धुऊ दिलं नाही. "वही घ्या अन् चला," म्हणालो. खड्ड्यात शिडी लावली, आधी मी उतरलो, मग त्याला उतरवलं. अनवाणी. सब्बल त्याच्या हातात दिली आणि वरल्या बाजूला मारायला लावली. मग खालच्या बाजूला. त्याला काही कळलं नाही. म्हणाला, "दोन्ही सारखेच वाजते." मी म्हणालो, "पुन्हा मारा." त्यानं मारलं. "डोळे मिटून मारा." घाम आला त्याला. तो वर, खाली, वर, खाली मारत राहिला, आणि मग एका घावाला थांबला आणि डोळे उघडून माझ्याकडं पाहायला लागला.

"हे पोकळ आहे, मिस्त्री."

मी सब्बल त्याच्या हातून घेतली आणि दोन घाव घातले. पापडी फुटली. खालून काळी माती वर आली, लोण्यासारखी मऊ. किती खोल आहे ते पाहायला मी सब्बल आत लोटली, ती निम्मी आत गेली तरी खडकाला लागली नाही. साळ्यानं गुडघ्यावर वही उघडली.

"कसं लिहू हे?" त्यानं विचारलं.

वर मजूर बायांचा आवाज यायला लागला होता. मी मातीत उभा राहून त्याला सांगायला लागलो, हळूहळू, त्याचा हात पुरेल असं.